एकच विषाणू, दोन पिके: पूर्व हवेलीतील हरभऱ्याच्या एका प्लॉटचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुणे शहराच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका गावातील आहे. संबंधित शेतकरी दांपत्याची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव, हंगामाचे वर्ष आणि निविष्ठा पुरवणाऱ्यांची नावे वगळली आहेत. विहिरीच्या ओलिताखालील अडीच एकरांत हे कुटुंब खरिपात टोमॅटो घेते आणि रब्बीत साधारण एक एकर हरभरा. हरभरा वाळवून बाजार समितीत नेण्यापेक्षा घाटे भरताच झाडे उपटून त्यांच्या जुड्या हडपसर भागातील ग्राहकांना थेट विकायच्या आणि उरलेला माल हुरडा केंद्रांना हुळ्यासाठी द्यायचा, अशी त्यांची पद्धत आहे. ओल्या हरभऱ्याला दर चांगला मिळतो. मात्र त्यासाठी त्यांनी ग्राहकांना एक शब्द दिलेला आहे. फुलोरा आल्यानंतर प्लॉटवर रासायनिक कीटकनाशक मारले जाणार नाही, हा तो शब्द. घाटा सोलून दाणा तसाच तोंडात टाकायचा असल्यामुळे ही अट केवळ विक्रीची युक्ती नव्हती, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

त्याच वर्षीच्या खरिपात टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी आली होती. ही अळी आणि हरभऱ्यावरची घाटे अळी या दोन्ही एकच, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. कपाशीवर तिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी म्हणतात, आणि तिच्या खाद्य वनस्पतींची यादी १८० च्या पुढे जाते. टोमॅटोवर या दांपत्याने एचएएनपीव्ही हा विषाणू वापरला होता. फवारलेले पान अळीने खाल्ले की तिच्या मध्यांत्रातील तीव्र अल्कधर्मी वातावरणात विषाणूभोवतीचे प्रथिनांचे कवच विरघळते, विषाणू आतड्याच्या पेशींत शिरतो आणि काही दिवसांत अळी झाडाच्या शेंड्याकडे चढून उलटी लटकून मरते. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये अशा काळवंडलेल्या, लोंबकळणाऱ्या अळ्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. त्यामुळे हरभऱ्यासाठी काय वापरायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे उरलाच नव्हता. अळी तीच होती आणि औषधही तेच असणार होते.

समस्या

हरभऱ्याची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. इतर अनेक पिकांवर या अळीचा पतंग फुलोऱ्याच्या सुमारास अंडी घालू लागतो; हरभऱ्यावर मात्र तो पीक लहान असल्यापासूनच एकेक अंडे घालत असतो. डिसेंबरच्या मध्यास आठवडाभर आभाळ राहिले आणि कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे) सलग तीन दिवस आठ ते दहा पतंग पडू लागले. ही संख्या कृषी खात्याच्या शिफारशीतील आर्थिक नुकसानीच्या पातळीइतकी होती. ओळीत पाहणी केली तेव्हा दर मीटरला दोनच्या आसपास अळ्या होत्या, म्हणजे तीही मर्यादा गाठली गेली होती.

विषाणूची फवारणी शिफारशीप्रमाणे झाली. मात्रा हेक्टरी २५० एल.ई. या हिशेबाने धरली (एक एल.ई. म्हणजे विषाणूचे सुमारे ६ अब्ज कवचधारी कण), उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निकामी होऊ नये म्हणून वेळ संध्याकाळची निवडली आणि द्रावणात नीळ मिसळली. आठवड्यानंतर प्लॉटमध्ये लटकलेल्या अळ्या तुरळकच दिसल्या. उलट ज्या अळ्या आधी पानांचा हिरवा भाग खरवडत होत्या, त्यांतल्या बऱ्याच आता मोठ्या होऊन पहिल्या घाट्यांत डोके खुपसून बसल्या होत्या.

शेतकऱ्याचा पहिला निष्कर्ष असा होता की बाटली शिळी होती किंवा दुकानात उन्हात राहिली होती. शेजाऱ्याचे मत वेगळे पडले. हरभऱ्याच्या आंबीने, म्हणजे पानांवर पाझरणाऱ्या आंबट द्रवाने, विषाणू मारला, असे त्याचे म्हणणे होते. दोन्ही शक्यता वरवर पटण्याजोग्या होत्या आणि दोन्हींवरून निघणारी कृती वेगळी होती. बाटली खराब असेल तर नवी आणायची आणि पुन्हा फवारायची. आंब दोषी असेल तर विषाणूचा नादच सोडायचा. याच टप्प्यावर कुटुंबाने परिचयातील एका निवृत्त कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांना प्लॉटवर बोलावले. पुढील लेखनात त्यांचा उल्लेख ‘सर’ असा केला आहे.

हरभऱ्याच्या पानावर काय असते

पहाटे हरभऱ्यावर स्वच्छ धोतर किंवा पंचा पसरून दव आणि आंब टिपायची, मग तो पिळून आंबट पाणी औषधासाठी बाटलीत भरून ठेवायचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. ही आंब पानांवरील आणि घाट्यांवरील ग्रंथीयुक्त लवेतून पाझरते आणि तिच्यात मुख्यत्वे मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही दोन आम्ले असतात. घाटे अळीला विरोध करणाऱ्या वाणांत आंबीचे काम काय, यावर हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेत बरेच संशोधन झाले आहे. आधी श्रेय मॅलिक आम्लाला दिले जात असे. १९९० च्या दशकातील प्रयोगांतून मात्र असे दिसले की अळीची वाढ प्रत्यक्षात रोखणारे आम्ल ऑक्झॅलिक आहे आणि प्रतिकारक वाणांच्या पानांवर तेच अधिक साचते. ही आम्ले पाण्यात सहज विरघळतात. धुतलेल्या पानांवर अळ्या अधिक चांगल्या वाढतात, हेही प्रयोगांत दिसलेले आहे.

आंब ही पहिली फळी झाली. दुसरी फळी दाण्यात आहे. प्रथिने पचवणाऱ्या विकरांना रोखणारे प्रोटिएज इनहिबिटर हरभऱ्याच्या दाण्यात तयार होतात आणि ते अळीच्या पचनात अडथळा आणतात, निदान आणायला हवेत. पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात असे दाखवले की घाटे अळीच्या आतड्यातील विकर हरभऱ्याचे हे इनहिबिटरच मोडून टाकू शकतात. याच गटाने पुढे ज्या वनस्पतींवर ही अळी सहसा जगत नाही त्यांच्यातील इनहिबिटर तपासले आणि ते अधिक परिणामकारक आढळले. ज्या झाडाशी अळीचा पिढ्यानपिढ्या संबंध आला आहे, त्या झाडाचे रसायन पचवण्याची सोय तिने करून ठेवलेली असते, असा या निष्कर्षाचा साधा अर्थ आहे. अळीला ‘हरभऱ्याची कीड’ म्हणताना आपण हे बहुधा विसरतो.

तिसरी गोष्ट या प्रकरणात निर्णायक ठरली आणि ती सरांनी सांगेपर्यंत कोणाच्याही डोक्यात नव्हती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एचएएनपीव्ही हा विषाणू हरभऱ्याच्या पानावर केवळ तासभर राहिला तरी त्याची मारक क्षमता घटते, असे आढळले. पानावरून काढून कृत्रिम खाद्यावर टाकला तरी ती परत येत नाही, म्हणजे नुकसान कायमचे असते. संशोधकांनी आधी अर्थातच आम्लांवर संशय घेतला. परंतु ऑक्झॅलिक आणि मॅलिक आम्लांनी विषाणूला काहीही केले नाही. पानांत अल्प प्रमाणात असलेल्या बायोचॅनिन ए आणि सिसोट्रिन या दोन आयसोफ्लॅव्होनॉइडांबरोबर विषाणू ठेवला तेव्हा मात्र त्याची क्रियाशीलता लक्षणीय घटली. याहून लक्षवेधी भाग असा की फवारणी केल्यावर तासाभरात या दोन रसायनांचे प्रमाण तीन पटींपर्यंत वाढले, आणि ही वाढ विषाणू नसलेले नुसते द्रावण फवारल्यावरही झाली. फवारणी हाच झाडाला एक धक्का असतो आणि त्या धक्क्याला दिलेले उत्तर विषाणूच्या मुळावर येते. अर्थात संपूर्ण झाडावर दिसलेली घट या दोन रसायनांनी पूर्णपणे उलगडत नाही, असेही त्याच अभ्यासात म्हटले होते, आणि सरांनी ते वगळले नाही.

म्हणजे शेजाऱ्याने बोट हरभऱ्याकडे दाखवले ते बरोबर होते, पण आंबीवर ठेवलेला आरोप चुकीचा होता.

एक छोटी चाचणी

बाटली खराब होती की नाही, हा प्रश्न तरीही शिल्लक होता. दुसऱ्याच दिवशी नवी बाटली आणण्याचा शेतकऱ्याचा विचार होता. त्याआधी जुनीच तपासून पाहू, असे त्याच्या पत्नीने सुचवले. प्लॉटच्या नोंदवहीचे काम त्यांच्याकडेच होते आणि प्लॉटमधील निम्मी निरीक्षणे त्यांचीच आहेत. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत उपयोगी निर्णय हाच होता.

बांधाच्या पलीकडे खरिपाच्या टोमॅटोच्या चार ओळी अजून उभ्या होत्या. संध्याकाळी उरलेल्या बाटलीतील विषाणूचे एकाच प्रमाणात केलेले द्रावण टोमॅटोच्या काही झाडांवर आणि हरभऱ्याच्या काही झाडांवर फवारले गेले आणि दोन्हींवर चिंध्या बांधून खुणा केल्या. रात्रभर थांबून सकाळी ऊन चढण्यापूर्वी ती पाने तोडली, त्यामुळे उन्हाचा परिणाम आपोआप बाजूला पडला. लहान अळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यांत एकेक करून ठेवल्या. या अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून तेवढी खबरदारी घ्यावीच लागते. काही डब्यांत फवारलेले टोमॅटोचे पान, काहींत फवारलेले हरभऱ्याचे पान आणि काहींत दोन्ही झाडांची न फवारलेली पाने, अशी विभागणी झाली.

आठवड्याभरात टोमॅटोच्या फवारलेल्या पानांवरील बहुतेक अळ्या मऊ पडून, काळवंडून मेल्या. हरभऱ्याच्या फवारलेल्या पानांवरील निम्म्याहून अधिक जगल्या. न फवारलेल्या पानांवर किरकोळ मर होती. बाटली चांगली होती, एवढे यातून नक्की ठरले.

यापुढे काय ठरले नाही, हे सांगताना सर फार काटेकोर होते. आंबीमुळे अळीने हरभऱ्याचे पान हळू खाल्ले असेल आणि म्हणून तिच्या पोटात विषाणूच कमी गेला असेल, हीदेखील एक शक्यता आहे आणि डब्यातील चाचणी ती नाकारू शकत नाही. मूळ संशोधनात विषाणू पानावरून काढून कृत्रिम खाद्यावर दिला होता तो याच शंकेसाठी. शेताच्या दृष्टीने मात्र दोन्ही कारणांचा परिणाम एकच होता: हरभऱ्यावर हा विषाणू टोमॅटोइतका भरवशाचा नाही.

समोर असलेले पर्याय

रासायनिक फवारणी हा सर्वांत सोपा मार्ग होता. इमामेक्टिन बेंझोएट किंवा क्लोरँट्रानिलिप्रोल यांची हरभऱ्यावर शिफारस आहे आणि अळी आटोक्यात आली असती. परंतु तोडणी तीन आठवड्यांवर आली होती, दाणा कच्चा खाल्ला जाणार होता आणि ग्राहकांना शब्द दिलेला होता. दांपत्याने हा पर्याय पूर्ण फेटाळला नाही. प्लॉटचा एखादा भाग वाळवणीच्या हरभऱ्यासाठी सोडून द्यायचा आणि गरज पडली तर फक्त तेथेच रसायन वापरायचे, अशी वाट त्यांनी मोकळी ठेवली.

ट्रायकोकार्डांची, म्हणजे ट्रायकोग्रामा माशी ज्यांतून बाहेर पडते अशी अंडी चिकटवलेल्या कार्डांची, मागणी आधीच नोंदवलेली होती. ट्रायकोग्रामा ही अतिशय सूक्ष्म गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि टोमॅटोवर, कपाशीवर तिचा उपयोग होतो. हरभऱ्यावर मात्र ती जवळजवळ काहीच करू शकत नाही, कारण तिच्या आकाराच्या कीटकाला लवेच्या टोकावरील आंबीचा थेंब म्हणजे चिखलाचे तळे असते. येथे गुन्हेगार खरोखर आंबच आहे. जे रसायन विषाणूच्या बाबतीत निर्दोष ठरले तेच परोपजीवी माशीच्या बाबतीत दोषी आहे. आणि जी आंब अळीची वाढ रोखते तीच अळीच्या अंड्यांचे रक्षण करते. झाडाचे रसायन आपल्या बाजूचे आहे असे सरसकट गृहीत धरता येत नाही. मागणी रद्द होत नव्हती, म्हणून कार्डे टोमॅटोच्या उरलेल्या ओळींत लावायची असे ठरले.

विषाणूची मात्रा दुप्पट करून पुन्हा फवारावी, असाही विचार झाला. खर्च दुप्पट झाला असता, आणि फवारणीच्या धक्क्याने आयसोफ्लॅव्होनॉइड वाढणार असतील तर वारंवार फवारण्यात कितपत अर्थ आहे हा प्रश्न होताच. दुसरीकडे, अगदी लहान अळीला मारायला विषाणू फार थोडा पुरतो; मोठ्या अळीला कितीतरी अधिक लागतो. त्यामुळे पहिल्या फवारणीच्या अपयशात झाडाबरोबरच अळ्यांच्या वयाचाही वाटा असणार, हे मान्य करावे लागले.

पाच टक्के निंबोळी अर्क हा चौथा पर्याय होता. त्यातील ॲझाडिरॅक्टिन अळीची भूक मारते आणि कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते. हरभऱ्यावर तो आंबीच्या जोडीने काम करेल, असा अंदाज होता. पण येथे एक पेच निर्माण झाला. विषाणू काम करण्यासाठी अळीने पान खाल्ले पाहिजे आणि निंबोळी अर्काचे कामच अळीला पान खाऊ न देणे हे आहे. दोन्ही एकाच टाकीत मिसळून ‘डबल’ परिणाम मिळवण्याचा सल्ला गावात दिला जातो; येथे त्यामागचा तर्क उलटा पडण्याची भीती होती. बीटी या अळ्या मारणाऱ्या जिवाणूचा विचार फार काळ टिकला नाही, कारण तोही खाल्ल्यावरच काम करतो आणि उन्हात लवकर निष्प्रभ होतो. एक न पटलेला उपाय सोडून तशाच अटींचा दुसरा धरण्यात कोणाला रस नव्हता.

हाताने अळ्या वेचणे आणि झाडे हलवून खाली पाडणे हा शेवटचा पर्याय. मजुरीचा हिशेब मांडला तर तो महाग दिसतो, पण घाट्यात शिरलेल्या मोठ्या अळीला दुसरे काहीही पोहोचत नव्हते.

प्रत्यक्ष कृती

सर्वप्रथम तुषार सिंचन बंद झाले. पिकाला पाणी देण्यासाठी तुषार संच चांगला असला तरी वरून पडणारे पाणी आंब धुऊन नेते, आणि अळ्यांचा जोर असतानाच पानांवरची आंब कमी करणे परवडणारे नव्हते. त्यानंतरचे एकमेव पाणी सरीतून, हलके दिले गेले.

मग प्लॉटचे तीन भाग पाडले. रस्त्याकडील भागात फक्त निंबोळी अर्क, संध्याकाळी, आठ दिवसांच्या अंतराने दोनदा. मधल्या भागात विषाणूची एकच फवारणी, तीही सापळ्यातील पतंगांची संख्या पुन्हा वाढल्यानंतर आणि शेंड्यावरील अंडी फुटू लागलेली प्रत्यक्ष पाहिल्यावर, म्हणजे अळ्या जास्तीत जास्त लहान असताना. द्रावणात नीळ आणि थोडा गूळ होता. गुळाचा हेतू अळीने पान अधिक खावे हाच होता. तिसरा, विहिरीकडील भाग न फवारता ठेवला.

विहिरीकडील भाग मोकळा ठेवण्यामागे एक निरीक्षण होते. तेथे बांधाला घरापुरती कोथिंबीर टोकली होती, ती फुलावर आली होती, आणि जवळच्या हरभऱ्याच्या पानांवर करड्या रंगाचे, काळसर ठिपक्यांचे लहान कोष नोंदवहीत आले होते. हे कोष कॅम्पोलेटिस क्लोरिडी या परोपजीवी गांधीलमाशीचे असल्याचे सरांनी ओळखले. ही माशी अंड्यावर नव्हे, लहान अळीवर हल्ला करते. ती ट्रायकोग्रामापेक्षा बरीच मोठी असल्यामुळे आंब तिला तितकी अडवत नाही, आणि हरभऱ्यावरील घाटे अळीची ती आपल्याकडील प्रमुख नैसर्गिक शत्रू आहे. प्रौढ माशीला मधुरस लागतो व तो कोथिंबिरीच्या फुलांत मिळतो. अळीने कुरतडलेल्या झाडातून बाहेर पडणाऱ्या वायुरूप रसायनांचा माग अशा परोपजीवी माशा काढतात, ही या विषयातील सुस्थापित गोष्ट आहे. शेतकऱ्याला मात्र सगळीकडे अळी दिसत असताना एक भाग हात न लावता सोडणे जड गेले. त्याची पत्नी आणि सर एका बाजूला व तो दुसऱ्या बाजूला, असा हा निर्णय दोन दिवस अडला होता. अखेर दर मीटरला चार अळ्या दिसल्या तर तेथेही निंबोळी अर्क मारायचा, या अटीवर तो राजी झाला.

तिन्ही भागांत इंग्रजी टी आकाराचे पक्षी थांबे रोवले. कोतवाल आणि साळुंक्या दोन-तीन दिवसांत येऊ लागल्या. सकाळी झाडे हलवून पडलेल्या अळ्या गोळा करण्याचे काम घरातल्यांनीच केले. आंबीने हात चुरचुरतात म्हणून कोपरापर्यंत जुने कपडे बांधून. टोमॅटोच्या चार ओळी चाचणी आटोपल्यावर उपटून टाकल्या, कारण त्यांच्यावरील अळ्यांचे पतंग होऊन ते बांध ओलांडूनच येणार होते. ट्रायकोकार्डे अशा रीतीने कोठेच नीट वापरली गेली नाहीत. तो खर्च वाया गेला.

निष्पत्ती

निंबोळी अर्काच्या भागात दोन फवारण्यांनंतर नव्या लहान अळ्या ठळकपणे कमी झाल्या. आधीच घाट्यांत शिरलेल्या अळ्यांवर परिणाम दिसला नाही. मधल्या भागात विषाणूची दुसरी फवारणी पहिल्यापेक्षा बरी ठरली, लटकलेल्या अळ्या या वेळी सहज सापडल्या, परंतु टोमॅटोवर मिळाला तसा निकाल आला नाही. विहिरीकडील न फवारलेल्या भागात अळ्यांची संख्या ठरलेल्या चारच्या मर्यादेपर्यंत कधी गेली नाही. बांधालगतच्या ओळींत कोष भरपूर होते आणि आत जावे तसे ते विरळ होत गेले. नुकसान नेमके उलट क्रमाने वाढत गेले होते.

जानेवारीच्या अखेरीस रस्त्याकडचा आणि विहिरीकडचा माल जुड्या बांधून विकला गेला. प्रत्येक जुडीत काही पोखरलेले घाटे राहिले. त्याविषयी ग्राहकांना आधीच कळवले होते आणि तक्रारी नाममात्र आल्या. हुरडा केंद्राने मात्र नेहमीपेक्षा कमी दर दिला. मधल्या भागातील माल जुड्यांच्या लायकीचा नव्हता, म्हणून तो वाळवणीसाठी सोडला. तेथे रसायन वापरायची मुभा होती, तरीही घाटे पक्व होत आल्यामुळे तोवर त्याची गरज उरली नव्हती. एकूण उत्पन्न मागील हंगामापेक्षा कमी, पण खर्च भरून निघाला.

तीन भागांची ही तुलना शास्त्रीय प्रयोग म्हणून घेऊ नये. भाग एकमेकांना लागून होते, पक्षी सगळीकडे फिरत होते, अळ्या हाताने सर्वत्र वेचल्या जात होत्या आणि कोथिंबीर एकाच बाजूला होती. शेतकऱ्याला पुढच्या हंगामाचा निर्णय घेण्यापुरताच तिचा उपयोग.

काय वेगळे करता आले असते

पहिला मुद्दा क्रमाचा आहे. डब्यातील चाचणी फवारणीनंतर झाली. ती आधी झाली असती तर एक फवारणी आणि महत्त्वाचा आठवडा वाचला असता. नव्या पिकावर जैविक औषध प्रथमच वापरताना त्याच पिकाच्या पानावर, रात्रभर राहू देऊन, अळ्यांवर तपासणे हे एका आठवड्याचे आणि जवळपास बिनखर्चाचे काम आहे. चाचणीत अळ्यांची वये मिसळली होती, ही तिची उणीव होती. एकाच दिवशी फुटलेल्या अंड्यांतील अळ्या घेतल्या असत्या तर वय आणि पान यांचे परिणाम वेगळे करता आले असते.

शेंडे खुडणी या वर्षी झालीच नाही. पेरणीनंतर महिनाभराने कोवळे शेंडे खुडले की फांद्या वाढतात, भाजी विकता येते आणि शेंड्यांवर घातलेली अंडी प्लॉटबाहेर जातात. लग्नसराईमुळे मजूर मिळाले नाहीत, हे कारण खरे असले तरी नेमक्या याच सुमारास पतंगांची पहिली लाट येऊन गेली होती. सापळे डिसेंबरमध्ये लावले गेले, तेही उशिराच. हरभऱ्यावर अंडी लवकर पडतात, तर सापळेही उगवणीबरोबर लावायला हवे होते.

टोमॅटोच्या ओळींबाबत माझे मत आजही दुभागलेले आहे. त्या उभ्या नसत्या तर तुलना करायला पाने मिळाली नसती आणि बाटलीला दोष देऊन प्रकरण तेथेच मिटले असते. पण त्या ऑक्टोबरअखेर उपटल्या असत्या तर पतंगांचा दाबही कदाचित कमी राहिला असता. चाचणीसाठी कुंडीतली दोन झाडे पुरतात, चार ओळी लागत नाहीत, एवढे तरी म्हणता येईल.

वाणाचा विचार अजिबात झाला नव्हता. बियाणे घरचे होते आणि त्या वाणाची आंब किती हे कोणी पाहिलेले नव्हते. येथे एक अडचण आहे आणि ती सरांनीच उपस्थित केली. जास्त आंबीचा वाण अळीला अधिक रोखेल, पण अंड्यांवरील परोपजीवी माशीला आणखी निरुपयोगी करेल. या प्लॉटवर ट्रायकोग्रामा तशीही चालत नसल्यामुळे हा तोटा सोसण्यासारखा आहे. जेथे हरभऱ्याच्या मध्ये दुसरे पीक घेतले जाते तेथे हिशेब वेगळा होईल.

पुढील रब्बीसाठी कुटुंबाने नोंदवहीत चार गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. हरभऱ्याच्या दर काही ओळींनंतर कोथिंबिरीची एक ओळ टाकायची, आणि ती अशा बेताने पेरायची की पीक महिन्याचे होताना कोथिंबीर फुलावर असेल. पक्षी थांब्यांसाठी बियाण्यातच ज्वारीचे थोडे दाणे मिसळायचे. निंबोळ्या उन्हाळ्यातच गोळा करून वाळवून ठेवायच्या, कारण डिसेंबरमध्ये त्या विकत घ्याव्या लागल्या होत्या. चौथी नोंद विषाणूची आहे आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे: शेतकऱ्याला तो हरभऱ्यावरून पूर्णपणे वगळायचा आहे, तर त्याच्या पत्नीचे म्हणणे असे की अंडी फुटण्याच्या दिवसाशी जुळवून एका कोपऱ्यात तो आणखी एक हंगाम पाहावा. खरिपात टोमॅटोवर तो वापरण्याविषयी दोघांचे दुमत नाही.